एस्तेरमावशीचं खिल्लार

एस्तेरमावशी माणसाच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी बघत. आधी पाय, मग पोटऱ्या, मग गुडघे, असं करत करत त्या वर येत, आणि तोंडापाशी पोचेपर्यंत त्यांचं तुमच्याविषयीचं मत पक्कं झालेलं असे.

केडगावच्या गुरांच्या दवाखान्यात मी स्टॉकमन म्हणून, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालचा मदतनीस म्हणून रुजू झालो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ख्रिस्ती मिशनच्या गोठ्यावर गेलो. मी तेवीस वर्षांचा, रत्नागिरीकडचा. अंगात नवा सदरा, पायात नवे बूट. गोठ्याच्या दारात एक उंच, काटक बाई उभी होती. पांढरं लुगडं गुडघ्याच्या जरा खालपर्यंत खोचलेलं, हातात खराटा. मी नमस्कार केला. बाई माझ्या बुटांकडे बघत राहिली. मग हळूहळू नजर वर आली.

"चाल सरळ हाय," त्या म्हणाल्या. "कातडं जरा सैल वाटतंय. बसून खायाची सवय दिसती. ऱ्हावा, इथं हुईल कमी."

ही आमची ओळख.

मावशींचं वय तेव्हा पन्नाशीचं असेल. मिशनमध्येच वाढलेल्या. बाकीच्या मुली शिवण शिकल्या, छापखान्यात लागल्या, नर्स झाल्या, लग्न होऊन गेल्या. ह्या मात्र आठ-नऊ वर्षांच्या असताना गोठ्यात शिरल्या त्या तिथंच राहिल्या. गोठ्यात बारा-पंधरा जनावरं होती आणि त्या सगळ्यांची नावं पवित्र शास्त्रातून घेतलेली. देबोरा म्हणून एक म्हातारी गाय होती, ती लाथ मारायची. तिच्याबद्दल तक्रार केली की मावशी म्हणत, "शास्त्रातली देबोरा न्यायाधीश व्हती. उगं कुणाला मारत न्हाई."

पण त्यांचा खरा जीव होता खिल्लारावर. खिल्लार म्हणजे आपल्या देशावरची ती पांढरी, उंच, धनुष्यासारख्या शिंगांची जात. मावशींच्या मते देवानं जनावरं निर्माण केली त्या दिवशी खिल्लार शेवटी केलं, हात पुरता बसल्यावर. मिशनमध्ये एकदा परदेशातून कॅलेंडर आलं. त्यावर हिरव्या गवतात एक लठ्ठ तपकिरी गाय होती. मिशन चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी ते कौतुकानं मावशींना दाखवलं. मावशींनी ते खालून वर नीट बघितलं आणि परत दिलं. "वशिंडच न्हाई हिला," त्या म्हणाल्या. "जू ठिवायचं म्हनलं तर कुठं ठिवायचं?"

चर्चमध्येही त्यांची ही नजर सुटी घेत नसे. एका रविवारी पाळकसाहेबांनी इस्राएल लोकांनी केलेल्या सोन्याच्या वासरावर उपदेश केला. चांगला तासभर बोलले. उपासना संपल्यावर मावशी त्यांच्यापाशी गेल्या.

"साहेब, त्या वासराला वशिंड व्हतं का?"

"मावशी, तो भाग मूर्तिपूजेच्या पापाविषयी आहे."

"ते कळलं. पाप मानसांचं. पण वासरू कसं व्हतं ते कुनी लिवूनच ठिवलं न्हाई."

पाळकसाहेबांनी मला पुढे एकदा सांगितलं, की त्या दिवसापासून तो उतारा वाचताना त्यांना नेमकं तेवढंच आठवतं.

मिशनमधल्या मुलींना बघायला मुलगे येत. तेव्हा चहाचा ट्रे घेऊन मावशींना मुद्दाम पाठवत. त्या ट्रे ठेवताना पाहुण्याला पायापासून वाचून येत आणि आत येऊन सांगत. एका मुलाविषयी त्या म्हणाल्या होत्या, "कान लोंबतं हायत. सांगितल्यालं ऐकंल, पर दोनदा सांगाय लागंल." ते लग्न झालं. मुलगी पुढं माहेरपणाला आली तेव्हा मावशींच्या गळ्यात पडून हसली. "दोनदा नाही मावशी," ती म्हणाली, "तीनदा."

शेतकरी मात्र त्यांची थट्टा करायच्या भानगडीत पडत नसत. पंचक्रोशीत त्यांना 'इस्तरमावशी' म्हणत, आणि बैल घ्यायचा झाला की लोक मुकाट्यानं त्यांना न्यायला येत. कासुर्डीचा एक शेतकरी एकदा एका व्यापाऱ्याला जोडीसकट गोठ्यावर घेऊन आला. जोडी देखणी होती. मी तर बघतच राहिलो. मावशी खाली बसल्या, लुगड्याचा सोगा पाण्यात बुडवला आणि एका बैलाचा खूर पुसला. सोगा काळाभोर झाला आणि खूर पिवळट निघाला. व्यापाऱ्यानं काजळी आणि तेल लावून खूर काळे केले होते. मावशींनी तो सोगा फक्त व्यापाऱ्याच्या समोर धरला. जोडी आली तशी गेली.

"जनावर खुरापासनं वाचायचं," त्या मला म्हणाल्या. "तोंडं सगळ्यांची बरी असत्यात."

आता मी सांगतो ती गोष्ट माझ्या चुकीची आहे.

मी रुजू झालो त्याच पाऊस न झालेल्या वर्षी दक्षिणेकडून कळप घेऊन एक म्हातारा धनगर आला. कळपातली एक गाय लंगडत होती, आणि गाभण होती. तिला पुढं चालवत नेणं शक्य नव्हतं. त्यानं ती मिशनच्या दारात आणली, मावशींच्या हातात दावं दिलं आणि गायीच्या मानेवरून एकदा हात फिरवून तो चालू लागला. कुठला, कुणाचा, काही कळलं नाही. मावशींनी गायीचं नाव रूथ ठेवलं.

तीन महिन्यांनी भर दुपारी रूथ व्याली. गोऱ्हा झाला. पांढराशुभ्र, लांब पायांचा, पण कपाळाच्या वर, दोन कानांच्या मध्ये, विटेसारखा तांबडा रंग. टोपी घातल्यासारखा. मी माझी जन्मनोंदीची वही काढली आणि मोठ्या रुबाबात लिहिलं: 'रंग पांढरा, टाळू तांबडी. संकराचा संशय.'

"काय लिवलं?" मावशींनी विचारलं.

मी वाचून दाखवलं.

"डॉक्टर, हे खोडा." त्या मला डॉक्टरच म्हणत. "खिल्लाराचं वासरू असंच येतं. दोन-अडीच महिन्यांत जातंय ते."

"मावशी, सरकारी वही आहे. खोडता येत नाही."

मावशींनी वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बरं," त्या म्हणाल्या. "वासरू वाढंल. वही हाय तेवढीच ऱ्हाईल."

अडीच महिन्यांनी त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. वासराचं डोकं दुधासारखं पांढरं झालं होतं. तांबड्याची खूण म्हणून नव्हती. मी "हो, खरंच की" असं काहीतरी पुटपुटलो आणि सायकलवर बसून परत आलो. वहीत दुरुस्ती करायची तर अधिकाऱ्यांची सही घ्यावी लागली असती, आणि सही घ्यायची तर मला खिल्लाराचं वासरू ओळखता येत नाही हे सांगावं लागलं असतं. मी वही कपाटात ठेवली.

गोऱ्ह्याचं नाव मावशींनी शास्त्रातल्या बलाढ्य वीरावरून शमशोन ठेवलं. गावानं त्याचं शाम्या केलं. आणि शाम्या असा वाढला की बस. तिसऱ्या वर्षी त्याला बघायला वाटेवरची माणसं गाड्या थांबवू लागली.

त्याच साली हुकूम आला. गावोगावी चांगल्या जातीचे निवडक वळू ठेवायचे आणि बाकीचे खोंड खच्ची करायचे. आमच्या भागाची यादी आली, त्यात मिशनच्या गोठ्यातला खोंड 'संकराचा संशय' या शेऱ्यानिशी खच्ची करायच्या रकान्यात होता. शेरा माझा, अक्षर माझं, आणि खच्ची करायचा चिमटाही माझ्याच पिशवीत.

मी गोठ्यावर गेलो तेव्हा मावशी दारात स्टुलावर बसल्या होत्या. त्यांना आधीच कळलं होतं.

"पिशवीत हाय काय?"

"हो."

"ऱ्हाऊ द्या पिशवीतच." त्यांचा आवाज चढला नाही. "आठ दिसांनी शिरूरला जनावरांचं प्रदर्शन हाय. तुमचा मोठा साहेब येणार. त्याच्या म्होरं मी खोंड वाचून दावते. त्यानं न्हाई म्हनलं, तर मी सोता दावं धरते आन् तुम्ही तुमचं काम करा."

मी म्हणालो, "मावशी, मी तुमच्याबरोबर येतो."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा आधी माझ्या तोंडाकडे बघितलं.

केडगावाहून शिरूर दोन दिवसांची चाल. पारगावापाशी भीमेचं पाणी उतरलेलं होतं. मावशींनी शमशोनाला पाण्यात उभं करून घासून घासून धुतलं. मी सायकल खांद्यावर घेऊन पात्र ओलांडलं. काठावरच्या एकानं विचारलं, शिंगांना रंग कसा लावला नाही? मावशी म्हणाल्या, "रंग लावला की मानसं रंगच बघत्यात." वाटेत प्रत्येक गावात माणसं जमत, आणि मावशी चालता चालता त्यांच्या बैलांचेही दोष सांगून टाकत. न्हावऱ्याला एका ओळखीच्या घरी मुक्काम झाला. त्या घरच्या बैलाची शेपटी आखूड आहे हे यजमानाला जेवणाच्या आधीच कळलं.

शिरूरचं मैदान जनावरांनी भरून गेलं होतं. वरवंडचे भगवंतआबा आधीच येऊन बसले होते. मोठे बागायतदार, बोलण्यात वजन असलेला माणूस. त्यांचा वळू गेली दोन वर्षं पहिला येत होता. शमशोन दिसला तसे ते उभे राहिले, त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि परत जाऊन बसले.

साहेब आले. उंच, चष्मा, हातात मोजायची फीत. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "हा स्पर्धेत घेता येणार नाही. संकराचा संशय आहे."

"साहेब," मावशी म्हणाल्या, "कागद वाचलात. आता जनावर वाचा."

आणि त्यांनी सुरुवात केली. खुरापासून.

"खूर बघा. काळं, बारकं, मिटल्यालं. फट न्हाई. पाय बघा, सरळ, नळी बारीक. शेपूट मागच्या ढोपराच्या जरा खाली, गोंडा काळा. बेंबी पोटाला चिकटल्याली. कातडं धरून बघा, चिमटीत येत न्हाई. पाठ सरळ, वशिंड घट्ट. गळ्याची पोळी बारीक, लोंबत न्हाई. कान ल्हान, टोकदार, आतनं पिवळं. डोळं लांबट. कपाळाच्या मधोमध ही खोलगट रेघ, बोट फिरवा. आन् शिंगं मुळाशी जवळजवळ, आधी मागं गेल्याली, मग वर."

एव्हाना चारी बाजूंनी माणसं गोळा झाली होती. साहेबांनी खरंच कपाळावरच्या रेघेतून बोट फिरवलं. मग ते म्हणाले, "बाई, तुम्हांला पुष्कळ माहिती आहे. पण जन्माच्या वेळी टाळू तांबडी होती असं लिहिलंय. वरचा रंग गेला म्हणून रक्त बदलत नाही. नोंद कुणाची आहे?"

मी पुढे झालो. "माझी, साहेब. मी नवा होतो. बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं की हा रंग जातो. अडीच महिन्यांनी गेलाही, मी डोळ्यांनी पाहिला. लाज वाटली म्हणून नोंद बदलली नाही."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. "तुमचं आपण नंतर पाहू. पण खिल्लाराची टाळू तांबडी असते हे कशावरून?"

मावशी गर्दीकडे वळल्या. तिथं पन्नास तरी खिल्लारवाले उभे होते. सगळ्यांना ते ठाऊक होतं. कुणी तोंड उघडलं नाही. शमशोन बाद झाला तर प्रत्येकाचा बैल एक नंबर वर सरकणार होता.

मावशींनी कुणाला काही विचारलं नाही. "चला साहेब," म्हणाल्या, आणि गायींच्या रांगेकडे निघाल्या. आम्ही मागोमाग. पहिल्या गायीपाशी वीस दिवसांचं वासरू होतं. टाळू तांबडी. दुसरी गाय, टाळू तांबडी. तिसऱ्या गायीच्या मालकानं वासराच्या डोक्यावर हात ठेवला होता, कौतुकानं ठेवावा तसा. मावशींनी तो हात हळूच उचलला. तांबडी.

रांगेच्या शेवटी भगवंतआबांची गाय होती, जिल्ह्यात नावाजलेली. तिच्या वासराला आबांच्या घरच्यांनी झालरीचं टोपडं घातलं होतं.

मावशींनी टोपड्याची नाडी सोडली. आतली टाळू अशी तांबडी होती, की मागून कुणीतरी हसलं.

साहेबांनी चष्मा पुसला. "आबा, ही गाय तुमची?"

"व्हय."

"मग हे वासरू संकराचं म्हणून लिहू?"

आबांचा चेहरा वासराच्या टाळूसारखा झाला. "काय बोलता साहेब. अस्सल खिल्लार हाय. खिल्लाराचं परत्येक वासरू असंच जन्मतं. दोन-अडीच महिन्यांत पांढरं हुतं. शेंबड्या पोराला ठावं हाय."

"मग इतका वेळ बोलला का नाहीत?"

आबा मग एकाएकी ओशाळल्यासारखे हसले. "खोंड लई चांगला हाय, साहेब," ते म्हणाले. "म्हनून."

साहेबांनी खिशातून पेन काढलं, माझ्या हातात दिलं आणि माझाच शेरा माझ्यासमोर धरला. मी तो खोडला आणि खाली सही केली. इतकी सुबक सही मी आयुष्यात पुन्हा केली नाही.

मग शमशोनाला मैदानातून चालवलं. तो चालला आणि गर्दी आपोआप दुभंगत गेली. चालताना त्यानं मान इकडची तिकडं केली नाही. साहेबांनी फीत लावली, दुसऱ्या वळूंना लावली, पुन्हा शमशोनाला लावली आणि पहिला नंबर पुकारला. हलगी वाजू लागली. गुलाल उडाला. पहिल्या नंबराच्या मालकाला मानाचा फेटा बांधायची रीत होती, पण समोर बाई बघून फेटा घेऊन आलेला माणूस अडखळला. मावशी म्हणाल्या, "मला नगं. त्यालाच बांधा." फेटा शमशोनाला बांधला. तो एका शिंगावर लटकला आणि शमशोन तसाच, नवरदेव वैतागावा तसा, उभा राहिला. ज्याच्यासाठी मावशींनी खूर पुसला होता, तो कासुर्डीचा शेतकरी कुठून तरी आला आणि हलगीसमोर नाचू लागला. मीही नाचलो. माझं कातडं सैल आहे की नाही, याचा त्या दिवशी मला विसर पडला होता.

सगळं ओसरल्यावर आम्ही प्रमाणपत्र घ्यायला मांडवात गेलो. मागे दुसऱ्या नंबरासाठी भगवंतआबा उभे होते. कारकुनानं वळूचं नाव लिहिलं, आईचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. मग म्हणाला, "जोपासणाऱ्याचं पूर्ण नाव?"

"एस्तेर."

"पूर्ण सांगा. वडिलांचं नाव?"

"ठावं न्हाई."

"बरं, मालकांचं?"

"लगीन न्हाई झालं."

"आडनाव तरी?"

तासाभरापूर्वी पन्नास माणसांसमोर न अडखळता बोललेल्या मावशी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मिशनात मी चार वर्सांची आले. दुष्काळात. कुनी आनून सोडलं ते कुनाला म्हाईत न्हाई. एस्तेर नाव तिथंच ठिवलं. पुढं आनखी एक एस्तेर आली, तवा मला गोठ्यातली एस्तेर म्हनाय लागले. तेवढंच हाय."

कारकुनाचं पेन कागदावर टेकून राहिलं.

मागून भगवंतआबा पुढे आले. त्यांनी टेबलावर आपला जाडजूड हात ठेवला.

"लिवा," ते म्हणाले, "एस्तेरबाई केडगावकर."

कारकुनानं मावशींकडे बघितलं. मावशींनी आबांकडे.

"बगता काय," आबा म्हणाले. "वरवंडाचा वळू हरवला बाईनं. कुनी हरवला म्हनून घरी इचारतील, तर मी गावाचं नाव सांगायला नगं का?"

कारकुनानं लिहिलं. मावशींनी त्याला ते वाचून दाखवायला सांगितलं. त्यांना स्वतःला उत्तम वाचता येत होतं. त्यानं वाचलं. त्या म्हणाल्या, "आनखी एकदा."

परतीच्या वाटेवर आम्ही पुन्हा गावागावातून आलो. कीर्ती आमच्या आधी पोचली होती. बायका ओवाळायला येत होत्या, माणसं शमशोनाच्या पाठीवर हात ठेवून बघत होती. न्हावऱ्याच्या वेशीपाशी एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय नाव, मावशी, खोंडाचं?"

मावशींनी पदर सारखा केला. शमशोनाचं दावं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"एस्तेर केडगावकर," त्या म्हणाल्या.

म्हातारा गोंधळून माझ्याकडे बघू लागला. मावशी पुढे निघाल्या होत्या, आणि त्यांच्यामागून शमशोन.